लाल फडकं, हिरवं फडकं

आमच्या घराण्यात आजारी माणूस सोडून बाकी सगळ्यांना विचारायची पद्धत आहे. माणूस खाटेवर पडला की त्याच्यासमोर सगळे हसतमुख. "काही नाही, उद्या घरी." आणि दाराबाहेर आलं की पंचायत. सासऱ्यांच्या वेळी हेच झालं, थोरल्या जावेच्या वेळी हेच झालं. आणि आता दवाखान्याच्या वरच्या मजल्यावर, लोखंडी खुर्च्यांच्या रांगेत, ह्यांच्यासाठी तीच पंचायत बसली होती.

ह्यांना अर्धांगाचा झटका आला त्याला पंधरवडा होत आला होता. उजवं अंग गेलं, वाचा गेली, गिळणं बिघडलं. घास पोटाऐवजी छातीत उतरायला लागला, म्हणून नाकातून नळी घातली. ती नळी हे डाव्या हातानं उपटून काढायचे. म्हणून दवाखान्यानं तो हात पट्ट्यानं खाटेच्या दांडीला बांधून टाकला. आणि आता म्हणे नाकातली काढून पोटालाच भोक पाडायचं, तिथून कायमची नळी.

"उद्या सकाळी नेतील," विकास म्हणाला. "मी डॉक्टरला हो म्हणून आलो."

विकास माझा एकुलता एक मुलगा. दिलसुखनगरला भांड्यांचं दुकान आहे त्याचं. गिऱ्हाइकाशी तासभर घासाघीस करील, पण घरात एक वाक्य बोलून मोकळा होतो.

"कुणाला विचारून हो म्हणालास?" त्रिवेणीनं विचारलं. ही माझी लेक, थोरली. दोन्ही पोरं वडिलांना दादा म्हणतात.

"कुणाला विचारायचं? तू कुकटपल्लीहून दुपारी येतेस, संध्याकाळी मेट्रो पकडून जातेस. त्यांचा तो बांधलेला हात मी बघतो, त्रिवेणी. रोज."

"मग घरी न्या ना. माझ्या दादानं का इथं नळ्या लावून मरा..."

"शिव शिव," दत्तोबा मध्येच म्हणाले. "असलं अभद्र बोलू नये, पोरी. आत ऐकू गेलं तर?"

दत्तोबा म्हणजे माझे धाकटे दीर. भाऊ आजारी म्हटल्यावर उदगीरहून बस धरून आले, आणि आल्यापासून दवाखान्याच्या क्यांटीनातल्या इडलीला नावं ठेवत रोज चार इडल्या खात होते. ते माझ्याकडे वळले.

"वैनी, विकासचं बरोबर आहे. नळी घाला. अन्न पोटात गेलं पाहिजे. उपाशी जीव गेला तर पिंडाला कावळा शिवत नाही. आपल्या किसनकाकाच्या पिंडाला शिवला नाही, दुपार झाली, पायाला चटके बसायला लागले, शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला."

"दत्तोबा, किसनकाकाला जिवंतपणी शेजारी शिवत नव्हते. कावळ्याचा काय दोष?" मी म्हटलं. "आणि नळीतून गेलेलं दूध कावळ्याला चालतं, हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

त्रिवेणीला जोर चढला. "तेच म्हणते मी. घरीच न्या."

"आणि घरी करणार कोण?" विकास म्हणाला.

"मी येईन की. शनिवारी, रविवारी."

"हौ. पाहुणी."

इथं त्रिवेणी रडायला लागली. ती लहानपणापासून हरायला आली की रडते आणि मग जिंकते. पण ह्या वेळी कुणी तिच्याकडे बघितलं नाही, कारण अपर्णा बोलली.

अपर्णा माझी सून. पुण्याची. संगणकाच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर आहे, आणि तो संगणक मांडीवर घेऊन आमच्यापासून दोन खुर्च्या सोडून बसली होती. तिच्या लग्नापासून नऊ वर्षं तिचं माझं वरणावरून शीतयुद्ध चालू होतं. ती वरणात गूळ घालते. आमच्या घरात वरणात चिंच पडते, माझ्या सासूपासून पडते. तोंडानं आम्ही कधी भांडलो नाही, जिची पाळी ती आपलं वरण करी. ती म्हणाली,

"बाबांना कुणी विचारलंय का?"

"कुणाला?" दत्तोबा म्हणाले.

"बाबांना. त्यांना काय हवंय ते."

दत्तोबा हसले. "अगं, त्याला वाचा नाही. शुद्ध तरी कुठं धड आहे? परवा नर्सनं अंग पुसायला हात सोडला होता, मी समोर उभा, तर त्यानं मला आशीर्वाद दिला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं बघ. मी टोपी काढून डोकं खाली घातलं."

"मलाही दिला," विकास हळूच म्हणाला.

"मला नाही दिला," त्रिवेणी म्हणाली, आणि पुन्हा रडली.

मला मात्र काहीतरी खटकलं. ह्यांनी उभ्या जन्मात कुणाला आशीर्वाद दिला नव्हता. दिवाळीला पोरं पाया पडायला वाकली की "पुरे, पुरे" करून पाय मागे घेणारा माणूस. झटका आल्यानं माणसाचं बोलणं जाईल, पण तो एकदम देवमाणूस कसा होईल?

"हात कसा केला होता? करून दाखवा," मी दत्तोबांना म्हटलं.

त्यांनी केला. डोक्यावर ठेवायला करतात तसा नव्हे. बाजूला, खांद्याच्या रेषेत, सरळ. मूठ वळलेली.

मी खुर्चीवरून उठले. गुडघे कुरकुरले, पण उठले.

आत नर्स होती. "अम्मा, हात नक्को खोलो," ती म्हणाली. "तातगारू नळी खींच लेते." तिकडे आजोबांना तातगारू म्हणतात.

"मैं पकडती हूँ," अपर्णा माझ्या मागून म्हणाली. ती आत आलेली मला कळलंही नव्हतं. तिनं बाबागाडीचा पट्टा सोडवावा तशी ती गाठ सोडवली. ह्यांच्या मनगटावर लाल वळ उठला होता.

मी खाटेच्या पायथ्याशी, त्यांना नीट दिसेन अशी उभी राहिले. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग तो डावा हात उचलला, कापत कापत, खांद्याच्या रेषेत आणला आणि तिथं धरून ठेवला. सरळ. मूठ वळलेली, जशी काही काठी आहे आत.

हे मालगाडीचे गार्ड होते. लग्न झालं तेव्हा आमचं क्वार्टर काझीपेठला रुळाच्या अगदी कडेला. गाडी निघायची वेळ झाली की हे शेवटच्या डब्यातून झेंडी दाखवायचे, आणि झेंडी हाताशी नसली तर असा हात धरायचे. सोड गाडी. मी चुलीपाशी उभी राहून खिडकीतून बघायची, नवी नवरी, भाकरी करपवत. ती खूण मी विसरेन का?

"कुठली गाडी सोडताय?" मी विचारलं.

त्यांनी डोळे फिरवून नाकातल्या नळीकडे बघितलं. मग दाराकडे. मग माझ्याकडे.

"आई," अपर्णा म्हणाली, "त्यांना सगळं कळतंय."

बाहेर आल्यावर मी दत्तोबांना सांगितलं, "तो आशीर्वाद नव्हता. तुम्हाला ते गाडी सोडा म्हणत होते."

मग मी आणि अपर्णा तिच्या गाडीतून तारनाक्याला घरी आलो. वाटेत ती एकदाच बोलली. तिची पुण्याची आजी अशीच गेली, म्हणाली. शेवटपर्यंत सगळ्यांनी तिला सांगितलं की तू बरी होणार आहेस, आणि आजी एकटी पडली. घरात पंधरा माणसं होती आणि आजी एकटी पडली. हे सांगताना तिनं सिग्नलवर नको इतका हॉर्न वाजवला. मी खिडकीबाहेर बघत राहिले. मीही रोज त्या खाटेपाशी जाऊन "उद्या घरी" म्हणून येत होते.

ह्यांचे खरे झेंडे निवृत्तीच्या दिवशीच कचेरीत जमा झाले होते. पण बाईच्या ट्रंकेत कापडाची काय वाण? जन्मभर ओटीत आलेले ब्लाउजपीस पडून होते, कुठल्या लग्नातले, कुठल्या बारशातले. कुणी शिवले नाहीत, कुणी घातले नाहीत, एकमेकींना पुढं ढकलायचे तेवढेच. त्यातून एक हिरवा काढला, एक लाल. बाल्कनीत टोमॅटोच्या रोपांना लावलेल्या दोन बांबूच्या काठ्या उपटल्या. अपर्णानं रबरानं कापड बांधलं. टोमॅटोची रोपं आडवी पडली, तिकडे दोघींनी दुर्लक्ष केलं.

डॉक्टर सुजाता आदिलाबादची, मराठी चांगलं बोलते. त्याच दिवशी वॉर्डात आम्हाला बघून ती दारातच थांबली. ह्यांच्या छातीवर दोन फडकी, दोन्ही बाजूंना सगळं खानदान.

"अम्मा, हे काय?"

"ह्यांची भाषा," मी म्हटलं. "विचारा तुम्हीच. नाहीतर म्हणाल बायकोनं पढवलं."

ती हसली नाही. खुर्ची ओढून त्यांच्या डोळ्यांसमोर बसली. "सर, हो असेल तर हिरवं उचला, नाही असेल तर लाल. तुमचं नाव केशवराव?"

हिरवं.

"आपण आता तुमच्या घरी आहोत?"

लाल.

"बाहेर पाऊस पडतोय?"

खिडकीतून ऊन थेट खाटेवर येत होतं. ह्यांनी तिकडे बघितलं, मग लाल उचललं, जरा वैतागूनच.

"ह्या तुमच्या मिसेस?"

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. चांगलं निरखून बघितलं. मग हात छातीवर फिरला आणि लाल फडकं सावकाश वर आलं.

त्रिवेणीनं तोंडावर हात ठेवला. डॉक्टरनं माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे. तेवढ्यात त्यांच्या तोंडाची डावी बाजू, तीच एक हलत होती, ती वर गेली.

"बघितलंत?" मी डॉक्टरला म्हटलं. "मेंदूला काही झालेलं नाही. हा माणूस लग्नातही असंच म्हणाला होता."

विकास हसला. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. मग डॉक्टरनं त्याला खूण केली की खरं काय ते आता विचारा. आणि त्याला जमेना. तो "दादा" म्हणाला आणि तिथंच अडकला. नंतर त्यानं मला सांगितलं की त्याला दोनच रस्ते दिसत होते, बापाला बांधून ठेवायचं की उपाशी मारायचं, आणि त्यातला एक त्यानं एकट्यानं निवडला होता. रोज दुकानात भांडी मोजताना आकडा चुकायचा म्हणाला.

"सरक," मी म्हटलं, आणि खाटेवर बसले.

"वैनी," दत्तोबा म्हणाले, "त्याच्या तोंडावर नको."

"त्यांच्या तोंडावर नको तर कुणाच्या तोंडावर? तुमच्या? पोट त्यांचं आहे."

मग मी ह्यांना म्हटलं, "ऐका हो. उद्या पोटाला भोक पाडून नळी घालायचं म्हणतात. घातली तर नाकातली काढतील, हात बांधणार नाहीत. त्यावर महिने निघतील, वर्षही निघेल. पण तोंडानं काही नाही. चहासुद्धा नाही. बोलणं-चालणं परत येणार नाही. ती नळी घालायची का?"

लाल. लगेच.

"नाही घातली तर घरी जायचं. मी मऊ करून भरवीन. जेवढं जाईल तेवढं. पण एखादा घास छातीत जाईल. आज नाही तर महिन्यानं. त्यात तुम्ही मराल. बरे व्हाल असं मी म्हणत नाहीये. मराल म्हणतेय. चालेल?"

दत्तोबांनी डोळे मिटले. अपर्णानं त्रिवेणीचा हात धरला, ह्या दोघींनी एकमेकींचा हात ह्याआधी फक्त लग्नाच्या फोटोत धरला होता.

ह्यांनी हिरवं उचललं. नुसतं उचललं नाही. हात खांद्याच्या रेषेत आणला आणि धरून ठेवला. कापत होता, तरी धरून ठेवला. एखादी लांबच लांब मालगाडी, तिचा शेवटचा डबा जाईपर्यंत जसे उभे राहायचे, तसा.

"पुरे," मी म्हटलं. "कळलं. खाली घ्या."

डॉक्टरनं तेच उलटून पुन्हा विचारलं, दोनदा. मग म्हणाली, "छातीत कफ झाला, श्वासाला त्रास झाला, तर पुन्हा इथं आणून मशीनवर ठेवायचं?" लाल. "घरीच औषध देऊन त्रास कमी करायचा? आमची नर्स येईल." हिरवं. तिनं ते सगळं आपल्या कागदात लिहिलं आणि विकासला म्हणाली, "आता हा निर्णय तुमच्यावर नाही. त्यांनी घेतलाय."

विकासनं खाटेच्या दांडीला लोंबणारा तो पट्टा सोडवला, त्याची गुंडाळी केली, आणि कुठं ठेवायची ते न कळून खिशातच घातली.

घरी आणायच्या आदल्या दिवशी त्रिवेणी स्वयंपाकघरात माझ्यापाशी आली. "आई, शनिवार-रविवार म्हणाले ते रागानं. मी एक महिना इथंच राहते. तुझ्या जावयांना सांगितलंय. डबा लावतील."

"त्यांना डबा मानवेल?"

"पोट आहे, मानवेल."

म्हणजे पाहुणी आता घरची झाली होती. आणि विकास, जो नळीसाठी भांडला, तो डॉक्टरनं दाखवलेलं सगळ्यांना शिकवत फिरत होता. पाठ सरळ. हनुवटी खाली. अर्धा चमचा. गिळलेलं दिसलं की मगच पुढचा. पाणी पातळ नको, पावडर घालून घट्ट करून. दत्तोबांना उशी चढवायचं काम दिलं होतं आणि ते काम ते कलेक्टरसारखं करत होते.

ह्यांना खिडकीपाशी बसवलं. तारनाक्याला गाड्यांचा आवाज दिवसभर येतो, आम्हाला ऐकूही येत नाही आता, पण त्यांनी मान तिकडे वळवली. फडकी मांडीवर ठेवली.

"काय खाणार?" मी विचारलं. "भाकरी दुधात कुस्करू?"

लाल.

"वरणभात करते. चिंचेचं वरण, तुमच्या आईसारखं. मऊ, घट्ट."

लाल.

मला आश्चर्य वाटलं. भाताशिवाय घशाखाली जाईल असं घरात दुसरं होतं काय? मग दारात उभ्या असलेल्या अपर्णाकडे माझं लक्ष गेलं. तिनं मान खाली घातली होती, पण हसू दाबताना खांदे हलत होते.

"अपर्णाचं वरण?" मी म्हटलं. "ते गोड?"

हिरवं. एकदम सरळ.

"एवढी वर्षं मुकाट्यानं माझी चिंच खाल्लीत," मी म्हटलं. "वाचा होती तेव्हा का नाही बोललात?"

"आई, तेव्हा झेंडी नव्हती," अपर्णा म्हणाली आणि कुकर लावायला आत पळाली.

तिनं केलं. डाळ घोटून, भात मऊ, गूळ, वर तूप. भरवलं मात्र मी. पहिला अर्धा चमचा. त्यांनी तो तोंडात धरून ठेवला, किती तरी वेळ. आम्ही सगळे त्यांच्या गळ्याकडे बघत होतो. गळा हलला. गेला.

दुसरा गेला. तिसऱ्याला खोकला आला.

खोकला वाढला. तोंड लाल झालं, डोळ्यांतून पाणी आलं. त्रिवेणी पाठीशी धावली. विकासनं अँब्युलन्ससाठी फोन काढला, बोट फिरायला लागलं. आणि खोकता खोकता ह्यांनी मांडीवरचं लाल उचललं आणि विकासकडे धरलं. माझ्याकडे नाही, त्याच्याकडे.

विकासचं बोट थांबलं. त्यानं फोन खिशात ठेवला. दवाखान्यातल्या त्या पट्ट्यावरच.

"हनुवटी खाली, दादा," तो म्हणाला. "सावकाश. आम्ही इथंच आहोत."

खोकला हळूहळू विरला. त्यांनी दम घेतला. त्रिवेणीनं तोंड पुसलं. मी चमचा वाटीत ठेवला आणि म्हटलं, "आता पुरे का?"

त्यांनी लाल खाली टाकलं आणि हिरवं घेतलं.

मग आणखी चार चमचे गेले. त्यानंतर लाल आलं, मी थांबले. वाटीत उरलेलं वरण मी बोटानं पुसून खाल्लं. वाईट नव्हतं, एवढंच म्हणेन. अपर्णाला तसं काही सांगितलं नाही. पण त्या दुपारी मी पोटभर जेवले, आणि पंधरवड्यानंतर पहिल्यांदा अन्नाला चव होती. घरात सगळेच मोठ्यानं बोलत होते. आजारी माणसाच्या खोलीत, त्याच्यासमोर, कावळ्याबद्दलसुद्धा.

हात धुऊन दत्तोबा माझ्यापाशी येऊन बसले. टोपी काढली, पुन्हा घातली.

"वैनी, तुझ्या ट्रंकेत अजून असतील ना तसली फडकी?"

"ढीग आहे. का?"

"मलापण दोन बांधून दे. गावाकडे घेऊन जातो. पोरांना सांगून ठेवतो, वेळ आली तर ह्याच्यावर विचारा मला. तुमच्या मनानं काही करू नका."

मी त्यांच्याकडे बघितलं. एवढं सरळ ते माझ्याशी कधी बोलले नव्हते.

"देते," मी म्हटलं. "पण तुम्हाला नुसतं लाल पुरे. तुम्ही जन्मात कशाला हो म्हणालात?"

खिडकीपाशी हिरवं फडकं वर आलं. आम्हाला वाटलं होतं हे झोपले.